अर्धी गोळी

सुनेच्या हाताला भारी पुरवठा होता. साबणाची चिपटी उरली की ती नव्या वडीला चिकटवायची, टूथपेस्टची नळी कात्रीने कापून आणखी चार दिवस ढकलायची. नवऱ्याचा पगार निम्म्यावर आला, तरी तिने घरात कुणाला काही कमी पडू दिलं नाही.

सासूबाईंच्या हृदयाच्या गोळ्यांपाशी मात्र गाडी अडली. एके सकाळी तिने सुरीने गोळी मधोमध कापली आणि ठोकून दिलं, "आई, डॉक्टरांनी आता अर्धीच सांगितलीय. तब्येत सुधारलीय म्हणाले."

दोन महिन्यांत सासूबाईंची पावलं टम्म फुगली, चपला चढेनात. अर्ध्या गोळीने एवढा फरक पडेल, असं तिला वाटलं नव्हतं. "गोळी चुकवत नाही ना, आई?"

"छे गं. रोज घेते."

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. उशीखालून त्यांनी बटणांची जुनी डबी काढली. आत बटणं नव्हती. गोळ्यांचे चतकोर तुकडे काठोकाठ भरले होते.

"तुझी ओढाताण दिसते गं मला. म्हणून तू देतेस त्यातली निम्मीच घेत होते. आता महिनाभर औषधाच्या दुकानाची पायरी चढू नकोस." त्या खुशीत हसल्या. "आणि बघ, झालं का मला काही?"

एवढं बोलून त्या थांबल्या. पुढचा श्वास यायची दोघीही वाट बघत राहिल्या.