खंडेनवमीचा हट्ट

तनुजाने तिसऱ्यांदा हिरवं बटण दाबलं आणि पडद्यावर तिसऱ्यांदा तीच ओळ उमटली: सुरक्षिततेची खात्री नाही. लाइन सुरू करता येणार नाही.

कारणाचा रकाना कोरा होता. चाकणच्या त्या कारखान्यात वेल्डिंगचे चार रोबो जाळीच्या पिंजऱ्यात माना खाली घालून उभे होते. त्यांना चालवणारी नवी यंत्रणा तनुजानेच बसवली होती. कामगार तिला ‘मेंदू’ म्हणत. मेंदू शेकडो सेन्सरांवरून स्वतःचं मत बनवायचा. ते का बनलं, हे मात्र त्याला सांगता येत नसे.

साडेदहा झाले होते. अकराला गिऱ्हाईक कंपनीची माणसं यायची होती. लाइन चालताना दिसली नाही तर काम दुसऱ्या राज्यात जाणार आणि इथले चाळीस जण घरी बसणार, हे मॅनेजर जयदीपने सकाळपासून चार वेळा ऐकवलं होतं.

तिने कॅमेरे पाहिले. पिंजरा मोकळा. वायरी, हवेचा दाब, दाराचं कुलूप, सगळं ठीक.

“आज खंडेनवमी हाय, मॅडम,” सोपानराव म्हणाले. एकतीस वर्षं यंत्रांत घालवलेला माणूस. या दिवशी आधी हत्यारांची पूजा, मग काम, हा त्यांचा शिरस्ता. तनुजाने कालच तो मोडीत काढला होता. रोबोंना कुंकू लावताना कुणी दिसला तर त्याला त्याच पावली घरी पाठवीन, असं तिने सगळ्यांना खडसावलं होतं. यंत्राला शास्त्र कळतं, गाऱ्हाणी नव्हे, हे तिचं मत. आणि ते काही चुकीचं नव्हतं.

“मेंदूला पंचांग कळत नाही, सोपानराव.”

“त्यो कारण सांगत न्हाई, तरी त्याचं ऐकायचं. मग आमच्या देवानंच काय घोडं मारलंय?”

तनुजा जास्तच चिडली. जयदीपने खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. ती फिरवली की मेंदू बाजूला पडायचा आणि लाइन नुसत्या बटणावर चालायची. तनुजाने किल्ली भोकात घातली. आपण बसवलेल्या यंत्रावर आपलाच भरवसा नाही, हे तिला फार झोंबलं.

सोपानराव आडवे आले. पाच मिनिटं द्या, म्हणाले, बाहेरूनच ओवाळतो. कामगार बिथरायला नकोत म्हणून जयदीपने मान हलवली. तनुजाने दातओठ खात हात मागे घेतला.

पिंजऱ्याबाहेर नारळ फुटला, टाळ्यांच्या तालावर आरती झाली. लातूरकडचा कामगार गणराज उशिरा येऊन घामाघूम मागे उभा राहिला. सोपानरावांनी तनुजालाही कुंकू लावलं. तिने लावून घेतलं.

अकराला सहा मिनिटं असताना तिने पुन्हा हिरवं बटण दाबलं. किल्ली फिरवावी लागली नाही. चारही रोबोंनी माना उचलल्या आणि ठिणग्या उडू लागल्या.

पाहुणे खूश होऊन गेले. चाळीस जणांचं काम राहिलं. सोपानराव नुसते मिशीत हसले. तनुजा मात्र मुळापासून हादरली होती. जेवायचं सोडून तिने मेंदूची सगळी शिकवणी उपसली आणि तिचा जीव भांड्यात पडला. मेंदूला शिकवायला कारखान्याचं सहा वर्षांचं चित्रण दिलं होतं. त्यात सहा खंडेनवम्या होत्या. दरवेळी आधी नारळ, मग काम. बिचाऱ्याने माणसांची श्रद्धा उचलली होती, दुसरं काय!

तिने जयदीपला लिहिलं: मेंदूला आपली अंधश्रद्धा लागली आहे. पूजेचं चित्रण मी काढून टाकते आहे. यापुढे तो कारण न देता अडला, तर खुशाल किल्ली फिरवावी.

पत्र गेलं. तेवढ्यात गणराज प्रसादाची वाटी घेऊन दारात आला. आत यायला तो कचरत होता. काय झालं, असं तिने हसूनच विचारलं.

“म्याडम, रागावू नका. तुम्ही पूजा नाही म्हणलात, म्हणून सकाळी मीच माल नेणाऱ्या पट्ट्याखालून पिंजऱ्यात सरकून रोबोच्या पायाला कुंकू लावत होतो. तुम्ही आलात, तसा नोकरीच्या भ्यानं तिथंच रोबोच्या पायामागं दबून बसलो. आरती सुरू झाली, तवा बाहेर आलो.”