कोरा चौकोन

हवेच्या प्रदूषणाच्या नकाशातला एक चौकोन कोरा होता, म्हणजे तिथे धूर शून्य. अकोला जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांचा धूर संगणकाने लोकवस्तीप्रमाणे वाटला, म्हणून तो शहरावर पडला. एकूण बेरीज जुळल्याने तपासणीच्या प्रोग्रामनेही हिरवी खूण दिली. चूक फक्त नकाशा तयार करणाऱ्या सुषमाला दिसली, कारण गावाबाहेरच्या त्या चौकोनात तिच्या वडिलांची भट्टी होती आणि भट्टीला लागून शाळा. तीन आठवडे तिने तोंड उघडले नव्हते. सरकारला अहवाल पाठवायच्या दिवशी अमरावतीच्या प्रयोगशाळेत येरझारा घालत तिने घरी फोन लावला. "बाबा, शाळेतले पोट्टे अजून खोकलतात?" "खोकलतीन नाही तं काय! कावून विचारून राहिली?" "आपली भट्टी सरकारच्या नकाशात दिसत नाही." "मंग बरंच हाय न व! दिसली तं बंद करतीन. तिच्यावरच शिकली तू." ती खिडकीशी थांबली. "म्हणूनच, बाबा, मी तिले आजच नकाशात टाकून राहिली."