उष्टं पाणी

परंड्यात हुमेराच्या दारासमोर अक्रम मिस्त्री गाडीच्या रेडिएटरमधलं, इंजिन थंड ठेवणारं जुनं कूलंट काढत होता. लकव्यानंतर तिच्या अब्बांना घोटभर पाणीही गिळता येत नव्हतं. उद्या त्यांना याच गाडीनं सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. आत्ता ते शेजारीच खाटेवर पडून होते.

"आपा, यात कूलंट कुठं हाय? नुसतं पाणीच घातलंय."

"अब्बा पिऊन उरलेलं पाणी यातच ओतायचे. वाया जाऊ देत नव्हते."

"म्हंजे गाडी बी उष्ट्यावरच वाढली म्हणा," अक्रम हसला.

घमेल्यात पडलं ते पांढुरकं होतं आणि त्याला तार सुटत होती. इंजिन कालपासून बंद होतं, तरी ते हाताला अंगाइतकं कोमट लागलं. न धुतलेल्या तोंडाचा वास आला. हुमेरानं ओढणी नाकाला लावली.

अक्रमनं घाईनं नवं हिरवं कूलंट ओतलं. आतून घोट घेतल्याचा आवाज आला आणि पातळी खाली गेली. त्यानं पुन्हा ओतलं. पुन्हा घोट.

"बास, अक्रमभाई," हुमेरा खाटेकडे बघत म्हणाली.

अब्बांचा गळा हलत होता. ओठांच्या कोपऱ्यातून हिरवा ओघळ आला. तिनं तो ओढणीनं पुसला, तेव्हा अब्बांनी तोंड आणखी मोठं उघडलं.