दाभणाची अक्षरं

"कोरी वही आहे हो ही," ग्रंथपाल हर्डीकर म्हणाले.

"वही नाही, कादंबरी आहे. माझी पहिली!" यमुना खरात कडाडली. "तुमच्या डोळ्यांत बसवलेली भिंगं नव्या लेखकांची छपाई पुसून टाकतात."

"दहा हजार वाचक झाले की दाखवतात ना."

"न दिसणाऱ्या पुस्तकाला वाचक कुठून आणू? मिटा डोळे. बोट फिरवा."

तिनं अक्षर न् अक्षर पानामागून दाभणानं टोचून उठवलं होतं. हर्डीकरांचं बोट आधी अडखळलं, मग सुसाट निघालं. पान संपलं. थुंकी लावून पानं उलटणाऱ्या वाचकांवर वीस वर्षं खेकसलेल्या हर्डीकरांनी झटकन बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं.

"हा एक झाला," यमुना वाचनालयातल्या रांगेकडे वळली. "चला, पुढचं कोण?"