तळचा दाणा

“काऊन?” नत्थूलालनं विचारलं.

रविताला आता वैताग आला होता. सकाळचे साडेसहा वाजले होते, अंगणात चुलीवर पाणी तापत होतं, आणि तिचे वडील हातात तिची वही धरून पाचव्यांदा तेच ‘का?’ विचारत होते.

“बाबा, सांगतलं ना मी! कंपनीले नफा दिसते, पन हातात पैसा नाही, कारन माल गोदामात पडून हाय. पुस्तकात इतकंच हाय.”

“हो, पन पडून काऊन हाय?”

नत्थूलाल आमगावजवळच्या राइस मिलमध्ये धान पारखायचा. बावीस वर्षं झाली. गाडी आली की पोत्यात परखी खुपसायची, त्या टोकदार नळीतून आतला दाणा हातावर घ्यायचा, दाताखाली धरायचा आणि ओला की वाळलेला ते सांगायचं. वर, मधे आणि तळाशी, तीनदा खुपसल्याशिवाय तो कुठल्याच पोत्याला हो म्हणत नसे. फायनान्स हा शब्द त्याला धड उच्चारता येत नव्हता. तरी मुलीच्या मुलाखतीची तयारी त्यानं अंगावर घेतली होती, आणि त्याला येत होतं ते एवढंच, तळ लागेपर्यंत खुपसत राहायचं.

“वरचा दाना सबच चांगला ठेवतेत, बाई,” तो म्हणाला. “खाली काय हाय ते सांग.”

एमबीए होऊन दीड वर्ष झालं होतं. दोन मोठ्या कंपन्यांनी बोलावलं. दोन्हीकडे रविताचं पहिलं उत्तर झकास झालं आणि दुसऱ्या प्रश्नाला तोंडाला कुलूप लागलं. आता हे नागपूरचं तिसरं बोलावणं. तेही हुकलं तर मिलच्या मालकानं तिच्यासाठी मुनीमकीची खुर्ची धरून ठेवलीच होती. घरच्या घरी नोकरी म्हणून आई खूश होती. रविताला त्या खुर्चीच्या नुसत्या आठवणीनं रडू यायचं.

नागपुरात समोर तिघं बसले होते. मधे हर्षा मॅडम, कंपनीच्या फायनान्सच्या प्रमुख. इकडचं तिकडचं झालं आणि नेमका तोच प्रश्न आला. नफा आहे, रोकड नाही. का?

“माल गोदामात अडकलाय, मॅडम.”

“का?”

“खरेदीवाले गरजेपेक्षा जास्त घेतात. जास्त घेतलं की स्वस्त पडतं.”

“मग त्यांना कुणी अडवत का नाही?”

“त्यांची शाबासकी भावावर ठरते. माल खपला की नाही, हे त्यांना कुणी विचारत नाही.”

मॅडमनी मान डोलावली आणि कागद उलटला. उत्तर झालं होतं. रविता इथं गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण सवय कुठली गप्प बसू देते! तिच्या तोंडून निघालंच, “काऊन?”

तिघांनीही वर पाहिलं.

“सॉरी मॅडम, घरची सवय आहे.” आता माघार नव्हती. “कुणी विचारत नाही, कारण ते विचारणं फायनान्सचं काम आहे. आणि आपण त्यांच्याकडून नुसता भाव मागतो. म्हणजे चूक गोदामात नाही. ती आपल्याच टेबलावर आहे.”

बाजूच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. “या तुम्ही,” मॅडम म्हणाल्या. बाकी काही नाही.

आठ दिवस घरात कुणी तो विषय काढला नाही. नवव्या दिवशी दुपारी फोन आला, आणि रविता तशीच सायकल काढून मिलवर धावली. धानाची गाडी उभी होती. नत्थूलाल नुकताच एका पोत्यातून परखी काढत होता.

“बाबा, घेतलं मले! नागपूरले!”

हमाल थांबले. मालक ऑफिसातून बाहेर आला. नत्थूलालनं तळहातावरचे दाणे मुठीत घट्ट धरले. इतक्या लोकांसमोर त्याची मान कधी एवढी ताठ झाली नव्हती. रविता त्याच्या बोलण्याची वाट पाहत उभी राहिली, मग तिलाच हसू आलं.

“इचारा ना बाबा. काऊन घेतलं म्हून?”

“कायले इचारू?” नत्थूलाल म्हणाला. “तळचा दाना मी कवाच पाह्यला.”