छाटीची टोपली

बाळांनो, समजा, तुमची आई मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळते. संध्याकाळी कारखान्यातला तपासनीस त्यातल्या मूठभर ‘खराब’ म्हणून टोपलीत टाकतो. ही छाट. छाटीची मजुरी मिळत नाही आणि विड्याही परत मिळत नाहीत.

सोलापूरच्या नरसम्माची छाट रोज निघे. “माझा हातच वाईट,” ती म्हणे. एके दिवशी मात्र सगळ्या बायकांनी तपासणीच्या टेबलासमोर ठिय्या दिला. “मजुरी द्या, नाहीतर विड्या द्या!”

मॅनेजर हसला. “खराब माल नेऊन काय करणार, मावशी? आम्हीसुद्धा फेकूनच देतो.”

“मग मी फेकते की, साहेब!” नरसम्माची नऊ वर्षांची लेक उठली. तिने टोपलीतली एक मूठ उचलली आणि दारातल्या गटारात टाकली.

“ए पोरी, थांब!” मॅनेजर ओरडला. “उद्या विकायचा माल आहे तो!”

सगळ्या बायका ताडकन उभ्या राहिल्या.

पोरीने मात्र टोपली उचलली आणि आईच्या हातात दिली. “आई, तुझ्या विड्या चांगल्या आहेत गं. साहेबच म्हणाले.”