बिनटोकाच्या कोयऱ्या

चंद्रावर घरची हवा घरच्या वेलीनेच पुरवायची असते, म्हणून वेलीला उजेड देणारा कंदील तिथल्या बायका हौसेने घरीच करतात. शर्वरीनेही कामट्यांचा केला, आत जांभळे दिवे लावले. पण पुठ्ठ्यात कोयऱ्या कापताना त्यांचं वळलेलं टोकच विसरली. "कोयऱ्या की बटाटे?" असं म्हणत शेजारणी हसल्या. प्रकाश पडे तेवढंच पान हिरवं होई, त्यामुळे तिच्या वेलीच्या पानापानावर तेच बटाटे उमटले.

बाळंतपणाला इस्पितळात जाताना तिने वेल आईवर सोपवली. परतली तर कुंडी रिकामी. "करपली गं," म्हणत आईने डोळ्यांना पदर लावला. तेव्हापासून तान्ह्या लेकीसकट सगळं घर वसाहतीच्या मोजक्या हवेवर होतं.

आज भावाच्या मुलाचं बारसं होतं. त्याच्या दिवाणखान्यात वेल छताला टेकली होती. वरच्या पानांवर वहिनीच्या कंदिलातल्या चांदण्या होत्या. शर्वरीने सहज खालची जून पानं उचलून पाहिली. त्यांच्यावर बटाटे होते.

"आई, ही माझी वेल आहे."

आई पाळण्याची दोरी ओढत राहिली. "हळू बोल. त्याच्या घरात माणसं जास्त. तू काय, कसंही भागवतेस."

शर्वरीने लेकीला उचललं आणि तरातरा दारापर्यंत गेली. तिथे तिचं लक्ष खाली गेलं आणि पाय अडले. घरच्या मोजक्या हवेत निळसर असलेले लेकीचे ओठ इथे गुलाबी झाले होते.